कोरडे डोळे आणि दृष्टि

शोकाच्या प्रसंगीं डोळ्यांत अश्रु येतात, कांदा चिरतांना येतात आणि चुलीचा धूर लागला म्हणजेहि येतात. ह्यापलीकडे अश्रूंचें कांहीं काम असेल अशी कल्पना सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः निरोगी डोळा दिवसभर अश्रूंनीं न्हालेला असतो, आणि ह्या न दिसणाऱ्या अश्रूंवांचून स्वच्छ दिसणेंच शक्य नाहीं. ते कमी पडले, किंवा डोळ्यांवर टिकेनासे झाले, म्हणजे जो विकार उद्‌भवतो त्यास कोरडे डोळे असें म्हणतात. हा विकार केवळ डोळे चुरचुरण्याचा नसून दृष्टीचाहि आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

डोळ्याच्या दर्शनी भागावर अश्रूंचा एक अत्यंत पातळ पापुद्रा पसरलेला असतो. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतील सुमारें तीन भागांइतकीच त्याची जाडी भरते. त्यांत तीन द्रव्यें असतात. बुबुळालगत चिकट श्लेष्मा असतो. तो पाण्याला डोळ्यावर धरून ठेवतो. त्यावर पाणी असतें. तें मुख्यतः भुंवईखालीं बाहेरच्या बाजूस असलेल्या अश्रुग्रंथींतून येतें. सर्वांत वर स्निग्ध द्रव्याचा थर असतो. तें द्रव्य पापण्यांच्या कडांतील बारीक ग्रंथींतून स्रवतें व पाण्याची वाफ लवकर होऊं देत नाहीं. हाइन्रिख माइबोम ह्या जर्मन वैद्यानें १६६६ सालीं ह्या ग्रंथींचें वर्णन केलें, म्हणून त्या त्याच्याच नांवानें ओळखल्या जातात. पापणी लवली कीं, सारवणाऱ्या बाईनें जमिनीवरून हात फिरवावा, त्याप्रमाणें हा पापुद्रा पुन्हा सारखा होतो.

बाहेरचा प्रकाश प्रथम ह्या पापुद्र्यावर पडतो. प्रकाशाचे किरण वळवून त्यांची प्रतिमा डोळ्याच्या मागील पटलावर उमटविण्याचें जें कार्य आहे, त्यांतील सुमारें दोनतृतीयांश दर्शनी पृष्ठभागींच होतें. तो पृष्ठभाग गुळगुळीत असेल तोंपर्यंत प्रतिमा रेखीव उमटते. पापुद्रा मधेंच फाटला, म्हणजे ओघळ आलेल्या खिडकीच्या काचेंतून पाहिल्यासारखें होतें. वाचतां वाचतां अक्षरें पुसट होतात, पापण्या मिटून उघडल्या कीं क्षणभर स्पष्ट दिसतात आणि पुन्हा विरघळूं लागतात. रात्रीं समोरून येणाऱ्या मोटारीचे दिवे फांकलेले दिसतात. वाहन हांकणारास हें धोक्याचें होय. चष्म्याचा नंबर बदलल्यानें येणारा अंधुकपणा पापणी लवल्यानें असा क्षणाक्षणाला कमीअधिक होत नाहीं. ही ओळखीची खूण लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ती ठाऊक नसल्यामुळें कित्येक जण चष्म्यामागून चष्मे बदलीत राहतात.

प्राचीनांच्या नजरेंतून हें सुटलें नव्हतें. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत शुष्काक्षिपाक नांवाच्या रोगाचें वर्णन आहे. त्यांत रुक्ष व कठीण पापण्या आणि डोळे उघडतांना होणारा त्रास ह्यांबरोबरच गढूळ दिसणें हेंहि लक्षण सांगितलें आहे. आधुनिक तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें २००७ सालीं केलेल्या व्याख्येंतहि दृष्टिदोषाचा स्पष्ट निर्देश आहे.

एक विसंगति मात्र रोग्यास चकविते. कोरड्या डोळ्यांतून पुष्कळदां पाणी गळतें. पृष्ठभाग सुकल्यानें तेथील मज्जातंतु चेतविले जातात व अश्रुग्रंथि एकदम पाणी सोडते; परंतु स्निग्ध अंश पुरेसा नसल्यास तें टिकत नाहीं. म्हणून डोळे गळतात तेव्हां ते कोरडे नसावेत, हा तर्क फसवा ठरतो.

कारणें अनेक आहेत. स्वस्थपणें बोलतांना मनुष्य मिनिटाला सुमारें पंधरा वेळां किंवा अधिकहि पापण्या लववितो. पुस्तक, संगणक अथवा मोबाईल ह्यांवर दृष्टि खिळली कीं ही संख्या निम्म्यावर किंवा त्याहूनहि खालीं येते. वाढतें वय, स्त्रियांच्या बाबतींत ऋतुनिवृत्ति, सर्दी व ॲलर्जीवरील कांहीं गोळ्या, मानसिक विकारांवरील कांहीं औषधें, कॉन्टॅक्ट लेन्स आणि चष्मा घालविण्याची लेसर शस्त्रक्रिया ह्यांनींहि हा विकार होतो. डोळ्यांसह तोंडहि कोरडें पडून सांधे दुखत असतील, तर स्वीडनचे नेत्रवैद्य हेन्रिक श्योग्रेन ह्यांनीं १९३३ सालीं विस्तारानें वर्णिलेल्या रोगाची शंका घ्यावी लागते. लहान मुलांत मात्र कोरडेपणा अ जीवनसत्त्वाच्या अभावानें येऊं शकतो. आरंभीं रातांधळेपणा येतो व उपेक्षा झाल्यास बुबुळ विरघळून मूल कायमचें आंधळें होतें. म्हणूनच भारतांत १९७० सालीं बालकांस हें जीवनसत्त्व पाजण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली.

परीक्षा सोपी असते. ऑटो शिर्मर ह्यांनीं १९०३ सालीं सुचविल्याप्रमाणें टीपकागदाची पट्टी खालच्या पापणींत अडकवितात. पांच मिनिटांत ती पांच मिलिमीटरहि भिजली नाहीं, तर पाणी फारच कमी आहे असें समजतात. पिवळा रंग घालून पापुद्रा किती सेकंद टिकतो हेंहि पाहतात. दहापेक्षां कमी सेकंद टिकल्यास दोष संभवतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीं ही परीक्षा विशेष महत्त्वाची आहे. कारण कोरड्या बुबुळाचें माप चुकतें, आणि चुकलेल्या मापानें बसविलेलें भिंग पुढें जन्मभर वागवावें लागतें.

उपचारांचा आरंभ संवयींपासून करावा. डोळ्यांचें बारीक काम करतांना दर वीस मिनिटांनीं नजर दूर न्यावी व पापण्या एकमेकींस टेकतील अशा रीतीनें दहापांच वेळां मिटाव्या. संगणकाचा पडदा नजरेच्या किंचित् खालीं असावा. पंख्याचा किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत तोंडावर घेऊं नये. स्निग्ध ग्रंथि तुंबल्या असल्यास स्वच्छ फडकें सोसवेल इतक्या गरम पाण्यांत भिजवून, पिळून, पांच ते दहा मिनिटें मिटलेल्या पापण्यांवर ठेवावें, व नंतर पापण्या कडेच्या दिशेनें हलक्या बोटानें निपटाव्या. हा क्रम नित्य चालला तरच गुण येतो.

कृत्रिम अश्रूंचे थेंब उपयुक्त आहेत; ते दिवसांतून चारांहून अधिक वेळां घालावे लागत असतील, तर टिकाऊपणासाठीं रसायन न मिसळलेले घ्यावे. त्यांनीं न भागल्यास वैद्य दाह शमविणारें सायक्लोस्पोरिन देतात किंवा अश्रु वाहून नेणाऱ्या छिद्रांत बारीकशीं बुचें बसवितात. माशांच्या तेलाचा मात्र मोठा गवगवा झाला. परंतु २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील प्रयोगांत, रोज तीन हजार मिलिग्रॅम ओमेगा-३ वर्षभर घेऊनहि ऑलिव्ह तेलापेक्षां अधिक गुण दिसला नाहीं.

लाली घालविणारे आणि स्टेरॉइडयुक्त थेंब स्वतःच्या मनानें घालणें घातक आहे. स्टेरॉइडनें कांचबिंदु व मोतीबिंदु होऊं शकतो. मध, गुलाबपाणी, शिसें असलेला सुरमा हीं डोळ्यांत घालूं नयेत. तीव्र वेदना, प्रकाश न सोसणें, बुबुळावर पांढरा ठिपका किंवा एकाएकीं दृष्टि कमी होणें, ह्यांपैकीं कांहींहि आढळल्यास त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें.

बहुतेकांचा हा विकार समूळ जात नाहीं, पण नियमानें आटोक्यांत राहतो. वय झालें, आतां असेंच दिसावयाचें, असें म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांनीं पोथी मिटून ठेवण्यापूर्वीं त्यांचे डोळे कोरडे तर नाहींत ना, एवढें एकदां पाहून घेणें हें घरांतील तरुणांचें काम आहे.