वंचिततेचे मोजमाप कोणी करावयाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



कोणता भाग किती वंचित आहे हे आकड्यांनी सांगण्याची एक रीत आहे. तिला वंचितता निर्देशांक म्हणतात. आकडे हे तज्ज्ञांचे काम आणि आपले काम मोर्चाचे, असा समज आपल्या चळवळीत रूढ आहे. तो मला घातक वाटतो. म्हणून ही रीत आज उलगडून पाहू.

ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड हे आरोग्यातील विषमतेची चौकशी करणाऱ्या ब्लॅक समितीचे सदस्य होते. १९८० साली त्या समितीच्या अहवालाच्या सरकारने अवघ्या २६० प्रती काढल्या. दारिद्र्य आणि अकाली मृत्यू यांचे नाते पुराव्यानिशी मांडलेले सत्ताधाऱ्यांना रुचत नाही, याचा हा दाखला. टाउनसेंड मात्र थांबले नाहीत. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर इंग्लंडच्या अभ्यासात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ च्या जनगणनेतील चारच गोष्टी घेतल्या: बेकारी, मोटार नसणे, स्वतःच्या मालकीचे घर नसणे, आणि एका खोलीमागे एकाहून अधिक माणसे असणे.

पुढील गणित सोपे आहे. समजा, मोटार नसलेल्या कुटुंबांची सर्व प्रभागांतील सरासरी ४० टक्के आणि प्रमाण विचलन १० आहे. एखाद्या प्रभागात हे प्रमाण ६० टक्के असेल, तर त्यातून सरासरी वजा करून बाकीला प्रमाण विचलनाने भागावयाचे. उत्तर २ येते. अशा रीतीने चारही आकडे एकाच मापावर आणून त्यांची बेरीज करावयाची. बेरीज शून्याहून जितकी अधिक, तितका प्रभाग अधिक वंचित. बेकारी व दाटी यांचे आकडे मोजक्या प्रभागांत फार फुगलेले असतात. म्हणून त्यांचा आधी लॉगॅरिथम घेतात. माझ्या विद्यार्थिदशेत अशा आकडेमोडीत दिवस जात. आज ‘आर’ नावाची संगणकप्रणाली फुकट मिळते आणि हजारो प्रभागांचा हिशेब ती क्षणार्धात करून देते.

परंतु काय मोजावयाचे, हे यंत्र ठरवीत नाही. हेच सूत्र जसेच्या तसे आपल्याकडे लावून पाहा. २०११ च्या जनगणनेनुसार ग्रामीण भारतातील सुमारे ९५ टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती. म्हणजे कुडाच्या झोपडीतला शेतमजूर या कसोटीवर ‘घरमालक’ ठरतो आणि शहरातील भाडेकरू त्याच्याहून वंचित! गणितात एकही चूक नाही आणि निष्कर्ष मात्र विपरीत. आपल्याकडे कसोट्या आपल्या जीवनातूनच निवडाव्या लागतील: पाणी आवारात आहे की दूर, शौचालय आहे की नाही, चुलीत सरपण जळते की गॅस, किती जण शेतमजुरीवर जगतात. हे सारे २०११ च्या जनगणनेत नोंदलेले आहे आणि गाव-प्रभागांपर्यंत उपलब्ध आहे.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. हा अंक सापेक्ष आहे. सर्वच प्रभागांची स्थिती सारखीच खालावली, तरी सरासरी शून्यच राहते. म्हणून दोन जनगणनांचे स्वतंत्रपणे काढलेले अंक शेजारी ठेवून ‘प्रगती झाली’ असे कोणी म्हणाले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. दुसरे असे की, हा अंक प्रदेशाचा आहे, माणसाचा नव्हे. सधन तालुक्याच्या सरासरीत आदिवासी पाडा बुडून जातो. एकक जितके लहान, तितके सत्य जवळ.

मूळ प्रश्न त्याहून गंभीर आहे. २०२१ साली व्हावयाची जनगणना झाली नाही. पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक, काही हिमाच्छादित प्रदेश वगळता, १ मार्च २०२७ असा जाहीर झाला आहे. तोवर २०११ नंतर उभ्या राहिलेल्या वस्त्या जनगणनेच्या कोणत्याही हिशेबात नाहीत. ज्याची मोजणी नाही, त्याचा वाटाही नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच. प्रत्येक तालुक्यातून दोन तरुणांनी हे गणित शिकावे आणि आपल्या तालुक्याचा निर्देशांक स्वतः काढावा. मग तो घेऊन वस्तीत जावे व तेथील माणसांना विचारावे, हे खरे आहे काय? सरकारी कागद पुढे येईल तेव्हा ‘या कसोट्या कोणी निवडल्या?’ हा प्रश्न आपल्याला अधिकाराने विचारता आला पाहिजे. मोर्चा त्यानंतरही काढावाच लागेल. पण तो हातात हिशेब घेऊन निघेल.