जाहिरातीचे आकडे, समजून घेऊ या

बालाघाट जिल्ह्यातलं भरवेली मँगनीजच्या खाणीसाठी प्रसिद्ध आहे. याच जिल्ह्याच्या सुगंधी चिन्नोर तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं. समजा, भरवेलीच्या एखाद्या बचत गटाला हा तांदूळ मोबाइलवरून विकायचा आहे. जाहिरात करून देणारा म्हणतो, "ताई, दहा हजार इम्प्रेशन्स मिळतील!" म्हणजे नेमकं काय?

इम्प्रेशन म्हणजे जाहिरात पडद्यावर झळकण्याची एक वेळ. एकाच माणसाला ती पाचदा दिसली, तर इम्प्रेशन्स पाच, पण रीच, म्हणजे जाहिरात पाहणाऱ्या माणसांची संख्या, एक. दहा हजारांतून 200 क्लिक आले, तर सीटीआर, म्हणजे क्लिकचं प्रमाण, दोन टक्के. चौकशी करून नंबर देणारा तो लीड. प्रत्यक्ष खरेदी झाली, की ते कन्व्हर्जन. क्लिकमागे पाच रुपये धरले, तर खर्च हजार रुपये. दहा जणांनी तांदूळ घेतला, तर एक ग्राहक शंभर रुपयांना पडला. एका ग्राहकामागचा नफा याहून कमी असेल, तर जाहिरात तोट्याचीच.

ग्राहकांनीही एक शब्द लक्षात ठेवावा: डार्क पॅटर्न. "फक्त दोनच शिल्लक" अशी खोटी घाई करणं, न विचारता टोपलीत वस्तू घालणं, अशा 13 क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये मनाई केली आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे 1915.

बहिणींनो, पैसे देण्याआधी एवढंच विचारा: कन्व्हर्जन किती?