बाप्तिस्मा आणि गुलामाची बेडी



आम्ही काही धर्मपंडित नाही. कामगारांत वावरता वावरता जे वाचले, त्याच्या आधाराने बोलतो. बाप्तिस्मा हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ बुडविणे. पाण्यात जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर जुन्या जीवनाला मरणे, आणि वर येणे म्हणजे नव्या जीवनात उठणे, असे संत पौलाने रोमकरांस लिहिले. गलतीकरांस तर त्याने बजावले की, ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांच्यात दास आणि स्वतंत्र हा भेद उरला नाही.

मालकांना याचीच धास्ती! बाप्तिस्मा झालेला गुलाम उद्या सुटका मागेल, म्हणून अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीच्या विधिमंडळाने १६६७ साली कायदा केला: बाप्तिस्म्याने गुलामगिरी सुटत नाही. आत्मा मोकळा, मनगट मात्र बेडीत!

नुसती वर्गणीची पावती फाडल्याने कोणी खरा सभासद होत नाही. संपाच्या दिवशी जो शेजाऱ्याचा हात सोडत नाही, तो खरा. बाप्तिस्म्याचेही आम्हांस तसेच वाटते. विधी घटकेचा, पण त्याचा अर्थ जन्मभर पाळावयाचा.

आणि त्या पाण्यात काहीच अर्थ नसता, तर मालकांना कायदा कशाला करावा लागता?