संयम, प्रत्युत्तर आणि राष्ट्राचे कर्तव्य



२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रमार्गे आलेल्या १० पाकिस्तानी दहशतवाद्यांनी मुंबईत रक्तपात आरंभला. २९ तारखेच्या सकाळपर्यंत तो चालला आणि १६६ जणांचे प्राण गेले. त्या दिवसांत घराघरांत जो प्रश्न विचारला गेला, तो आजही शिळा झालेला नाही. अशा आघाताला शस्त्राने उत्तर द्यावे, की शांतता राखावी?

युद्धात निरपराधच अधिक भरडले जातात आणि येथे तर दोन्ही देश अण्वस्त्रधारी, असे एक पक्ष म्हणत होता. निमूटपणे मार सोसणाऱ्याच्या वाट्याला पुन्हा मारच येतो, असे दुसऱ्याचे म्हणणे होते. तथ्य दोहोंतही होते. म्हणूनच घोषणांनी या वादाचा निकाल लागत नाही.

तत्कालीन परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. हल्ल्यानंतर तत्काळ, जगाला दिसेल असे प्रत्युत्तर द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. सरकारने तो मानला नाही. २०१६ च्या आपल्या पुस्तकात मात्र त्यांनी संयमाचा तो निर्णय योग्य ठरल्याचे मान्य केले. जगाचे लक्ष भारत-पाक संघर्षाकडे न वळता दहशतवादी कृत्यावर राहिले, हे त्याचे कारण. त्याच वेळी, पुन्हा असा हल्ला झाल्यास कोणत्याही सरकारला तसा संयम पाळणे जवळजवळ अशक्य होईल, असेही त्यांनी बजावले.

त्या संयमाला बळ देणारा पुरावा गिरगाव चौपाटीवर हाती आला होता. सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबच्या रायफलची नळी घट्ट धरली. गोळ्या अंगावर झेलल्या, पण पकड सोडली नाही. कसाब जिवंत सापडला, कट उघड झाला, रीतसर खटला चालला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात त्याला फाशी झाली.

परंतु सूत्रधारांचे काय? कटाचा प्रमुख आरोपी झकीउर रहमान लख्वी २०१५ मध्ये पाकिस्तानात जामिनावर मुक्त झाला. संयमाची किंमत ती हीच. पुढे उरी हल्ल्यानंतर २०१६ मध्ये नियंत्रणरेषेपलीकडे, पुलवामानंतर २०१९ मध्ये बालाकोटवर आणि पहलगाममध्ये २६ जणांची हत्या झाल्यावर मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’द्वारे भारताने प्रहार केले. धोरण बदलले, ते अनुभवाने बदलले. तथापि बालाकोटनंतरही पहलगाम घडले, हेही नाकारता येत नाही. केवळ प्रहाराने दहशतवाद संपत नाही.

शांततेच्या पुरस्कर्त्याने अपराध्याला शासन कसे होणार, हे सांगितले पाहिजे. प्रत्युत्तराच्या पुरस्कर्त्याने पुढचा हल्ला त्यामुळे कसा टळेल आणि कोठे थांबायचे, हे सांगितले पाहिजे. गुप्तवार्ता, किनाऱ्यांचे रक्षण, सक्षम पोलीस आणि जलद न्याय यांची गरज दोन्ही मार्गांना सारखीच आहे. हे काम हल्ल्यानंतरच्या आठवड्यात होत नाही; ते शांततेच्या वर्षांत करावे लागते.

ओंबळे यांच्या हाती त्या रात्री केवळ लाठी होती. पुढच्या ओंबळ्यांवर ती वेळ न येऊ देणे, हे राष्ट्राचे पहिले कर्तव्य होय.