पात्याच्या पोटातला पापुद्रा



साहित्याच्या व्यासपीठावर होमिओपॅथीच्या डॉक्टरने पवनचक्कीवर बोलावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. पण आपल्यापैकी अनेकांची गावाकडची वाट तिथूनच जाते. बारडोली, व्यारा, नवापूर मागे टाकून कोंडाईबारीचा घाट चढलो, की साक्रीच्या बाजूला पवनचक्क्या दिसू लागतात. मुले त्या मोजतात आणि मोठी माणसे म्हणतात, "आला आपला खानदेश."

या उद्योगाचे आपल्या शहराशीही नाते आहे. तुलसी तांती यांचा सुरतेत कापडधंदा होता. विजेचा खर्च परवडेना म्हणून त्यांनी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि त्यातूनच १९९५ मध्ये सुझलॉन कंपनी निघाली. तिचे मुख्यालय पुण्यात आहे. कापड मागे पडले खरे, पण धागा सुटला नाही. कारण पवनचक्कीचे पातेही कापडाचेच असते. काचतंतूंच्या कापडाचे थर साच्यात एकावर एक अंथरायचे, त्यांत रेझिन जिरवायचे आणि ते घट्ट होऊ द्यायचे. अशी दोन कवचे चिकटद्रव्याने जोडली की पाते तयार होते.

आता यात खोट कुठे राहते? आपल्या माताभगिनींना हे चटकन कळेल. भाकरी फुगते तेव्हा तिचा पापुद्रा सुटतो आणि मध्ये हवा भरते. ताटात ते कौतुकाचे, पात्यात घातक. कुठे रेझिन पोहोचले नाही, कुठे कापडाला चुणी पडली, कुठे चिकटद्रव्य कमी पडले, की थरांमध्ये पोकळी राहते. वरून रंग गुळगुळीत असतो. मग वारा ते पाते वर्षानुवर्षे वाकवतो आणि पापुद्रा आतल्या आत पसरत जातो.

तो शोधण्याची एक रीत उष्णतेची आहे. पात्याच्या पृष्ठभागाला दिव्याने क्षणभर ऊब द्यायची. एकसंध जागी ती ऊब आत झिरपून जाते. मध्ये पोकळी असेल तर हवा तिला अडवते, आणि त्या जागेवरचा पृष्ठभाग थोडा जास्त वेळ गरम राहतो. डोळ्यांना हे दिसत नाही. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये थर्मामीटरच्या साहाय्याने शोधलेले अवरक्त किरण टिपणारा कॅमेरा मात्र ती जागा उजळ दाखवतो.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा कॅमेरा आत पाहत नाही. तो फक्त वरची ऊब पाहतो, आतले आपण ताडायचे असते. पोकळी दुप्पट खोल असेल, तर तिची खूण सुमारे चौपट उशिरा उमटते आणि फिकी उमटते. लहान आणि खोल दोष निसटून जातात. पाते बुंध्याशी फार जाड असते, तिथे ध्वनिलहरींची तपासणी जास्त कामाची.

हे सारे मला माझ्या एका रुग्णाने शिकवले. साक्रीकडचा मुलगा, पात्यांच्या दुरुस्तीचे काम करणारा. काचेच्या भुकटीने हातांना खाज सुटते म्हणून माझ्याकडे आला होता. त्याने सांगितले, "डॉक्टरसाहेब, एकदा कॅमेऱ्यात कडेला उजळ पट्टा दिसला. साहेब म्हणाले, उन्हाची तिरीप असेल, सोडून दे. मी नाण्याने ठोकून पाहिलं. बाकी ठिकाणी टणटण, तिथे बद्द." तो अडून बसला. कड उघडली, तर आत चिकटद्रव्य पोहोचलेच नव्हते. काम लांबले, बोलणी खावी लागली. पण ते पाते कुणाच्या तरी शेतावर फिरणार होते.

बाहेरच्या जगाने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना तुटले आणि कल्पना चावलांसह सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा डाव्या पंखाच्या कडेवर आदळला होता. ती कड कार्बनतंतूंच्या संमिश्राची होती. त्यानंतर नासाने पंखांच्या या भागांची उष्णताचित्राने तपासणी सुरू केली. आपल्याकडे सुझलॉननेही अमेरिकेतील काही पात्यांना तडे आढळल्यावर २००८ मध्ये १,२५१ पाती मजबूत करण्याची मोहीम जाहीरपणे हाती घेतली. खोट सापडणे ही नामुष्की नव्हे. सापडलेली झाकणे ही नामुष्की.

आता माझी खोट सांगतो. काही वर्षांपूर्वी एक भगिनी छातीतली गाठ घेऊन आल्या. सोबत एका शिबिरातले रंगीत उष्णताचित्र होते, त्यावर 'सर्व ठीक' असा शेरा. ना किरणांची भीती, ना दुखणे. मीही त्या चित्रावर विसंबलो आणि गोळ्या दिल्या. दोन महिने गेले. गाठ वाढली तेव्हा त्यांना मॅमोग्राफीला पाठवले. कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, आज त्या बऱ्या आहेत, मला राखी बांधतात. पण ते दोन महिने माझ्या खात्यावर आहेत.

पात्यात उजेड देणारे तंत्र इथे का फसले? पात्याला ऊब आपण देतो, त्याची जाडी आपल्याला ठाऊक असते, आणि मृत पदार्थ स्वतःची उष्णता निर्माण करत नाही. शरीर सतत करते. रक्त फिरते, पाळी, ताप, ऊन सगळे त्वचेवर उमटते. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्पष्ट बजावले आहे, की उष्णताचित्र हा मॅमोग्राफीला पर्याय नाही. माझ्या त्या रुग्णाने चित्र पाहून पुन्हा नाणे ठोकले. मी ठोकले नाही.

आम्हा जैनांच्या घरी पाणी गाळून पितात. डोळ्यांना दिसत नाही म्हणून तिथे काही नाही, असे समजायचे नाही, हा लहानपणचा संस्कार. तो मी पाण्यापुरता पाळला आणि दवाखान्यात विसरलो.

म्हणून तुम्हांला दोन विनंत्या. तुमच्या घरातला कुणी तरुण कारखान्यात तपासणीचे काम करत असेल आणि 'हे पास करणार नाही' म्हणून अडून बसत असेल, तर त्याला हट्टी म्हणू नका, त्याच्या पाठीशी उभे राहा. आणि घरातल्या कुणा स्त्रीला गाठ लागली, तर कुठल्याही रंगीत चित्रावर, किंवा माझ्यासारख्याच्या गोळ्यांवर, न थांबता तिला योग्य तपासणीला घेऊन जा. त्याच आठवड्यात.