जुन्या गाडीचे सुटे भाग

बजाज चेतक ही स्कूटर १९७२ सालीं बाजारांत आली. तसलीच एक जुनी गाडी मजपाशीं आहे. एकदां तिचे ब्रेक-शू बदलावयाचे होते. मिस्त्रीनें कंपनीचा व बिननांवाचा, असे दोन जोड पुढें ठेविले. मास्तरी काटकसरीनें मीं स्वस्त जोड घेतला. पुढें एके दिवशीं, नातू मागें बसला असतां, उतारावर पायांतला ब्रेक दाबला; शूवर चिकटविलेलें लायनर तापून सुटलें आणि गाडी आवरेना! मातीच्या ढिगाऱ्यांत शिरलों, म्हणून वांचलों.

तेव्हांपासून मी किंमत मागाहून विचारतों. आधीं विचारतों, ‘हा भाग निकामी झाला तर काय होईल?’ सीटचें कव्हर फाटलें, तर केवळ गैरसोय. तेथें स्वस्त माल खुशाल घ्यावा. ब्रेक, त्याची केबल, टायर यांवर जीव अवलंबून. तेथें अस्सलच हवा. मात्र अस्सल म्हणजे कंपनीच्या खोक्यांतलाच, असें नव्हे. गाड्यांचे कारखाने कित्येक भाग बाहेरील उत्पादकांकडून करवून घेतात. तोच उत्पादक तसाच भाग स्वतःच्या नांवानें पुष्कळदां कमी किमतींत विकतो. तें नांव जाणत्या मिस्त्रीस विचारावें.

त्या दिवशीं किती पैसे वांचले, हें आतां आठवत नाहीं. नातवाची घट्ट मिठी मात्र आठवते.