लोणारचा बोअर आणि चार नावं

आजचं रेकॉर्डिंग हिवरखेडहून. उत्तरेला सातपुडा, पायाखाली काळी माती. ही माती म्हणजे झिजलेला बसाल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वऱ्हाडात बऱ्याच ठिकाणी बोअर मारताना याच दगडाशी गाठ पडते. आपण मशीनवाल्याला एकच विचारतो, "पाणी लागलं का?"

आज एका वेगळ्या बोअरची गोष्ट.

इथून सरळ रेषेत सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, बुलढाणा जिल्ह्यात लोणार. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. पुढं कितीतरी वर्षं वाद चालला, की हे ज्वालामुखीनं झालं की उल्केनं? सगळीकडं लाव्हाचाच दगड, म्हणजे संशय ज्वालामुखीवर जाणारच ना!

मग विवराच्या तळात बोअर घेतले गेले. खालून आलेल्या दगडात मॅस्केलिनाइट सापडलं. म्हणजे काय, तर प्रचंड धक्क्यानं दगडातल्या खनिजाची, न वितळताच, काच झालेली. असा धक्का ज्वालामुखी देत नाही, उल्का देते. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निबंध आला. त्यावर चार नावं होती : अमेरिकेचे फ्रेडरिक्सन आणि मिल्टन, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दुबे आणि बालसुंदरम.

अमेरिकेला लोणारचं काय पडलं होतं? नुकतेच चंद्रावरून दगड आले होते. चंद्रावरचे काळे डागही बसाल्टचेच. बसाल्टवर उल्का आदळली की काय होतं, हे पृथ्वीवर बघायला लोणारसारखी जागा फार दुर्मीळ. म्हणजे त्यांना आपला दगड हवा होता, आपल्याला त्यांची यंत्रं आणि अनुभव. दोघांचंही काम झालं.

आता पुढचं ऐका. लोणारचं वय आधीच्या एका मोजणीत सुमारे ५२ हजार वर्षं आलं होतं. २०११ मध्ये आरगॉन वायूच्या मोजणीतून ते सुमारे ५ लाख ७० हजार निघालं. दहापटीहून जास्त! याही निबंधावर चार नावं. जुर्दां, मुआनिए, कोबर्ल, एरोग्लू. भारतातलं एकही नाही.

यात कुणाची चोरी नाही, रागही धरू नका. पण मनाला लागतं ना? दगड आपल्या शेजारचा, आणि त्याचं वय सांगणाऱ्यांत आपलं कुणी नाही.

म्हणून बारावी सायन्सवाल्यांनो, फक्त नीट आणि इंजिनिअरिंगच बघू नका. बी.एस्सी.ला जिऑलॉजी घेता येतं. अमरावती विद्यापीठात भूविज्ञानाचा विभाग आहे. आयआयटीत एम.एस्सी. करायचं असेल तर जॅम परीक्षेत जिऑलॉजीचा वेगळा पेपर असतो.

आणि गावात पुढचा बोअर सुरू असेल तेव्हा जवळ जाऊन उभे राहा. पाणी तर विचाराच. पण वर येणाऱ्या भुकटीचा रंग किती फुटांवर बदलला, तेही वहीत लिहा. पुढच्या निबंधावरचं पाचवं नाव कदाचित तिथूनच सुरू होईल.

भेटू पुढच्या भागात!